केल्टिक समुद्राच्या तळावरील कटक : हिम की भरती-ओहोटी?

आयर्लंडच्या दक्षिणेस व ब्रिटनीच्या वायव्येस पसरलेल्या सागरास ‘केल्टिक समुद्र’ हे नाव अर्नेस्ट होल्ट या मत्स्यशास्त्रज्ञाने 1921 मध्ये डब्लिन येथील एका सभेत सुचविले. भाषाकुलाचे नाव समुद्रास मिळावे, हा योग विरळाच. तेथील एका उथळ भागास तर ‘कैसर-इ-हिंद’ असे नाव पडले आहे. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानसाठी धारण केलेली पदवी इतक्या दूरच्या नकाशात भेटावी, हेही नवलच. परंतु या सागराची खरी ख्याती आहे ती त्याच्या तळावरील कटकांमुळे. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पंख्याच्या काड्यांप्रमाणे फाकत गेलेले हे कटक काही ठिकाणी सुमारे 60 मीटर उंच असून कित्येकांची लांबी शंभर किलोमीटरांहून अधिक भरते. खंड-फळीवर याहून मोठे गाळाचे कटक जगात अन्यत्र नाहीत.

ए. एच. स्ट्राइड यांनी 1963 मध्ये या कटकांचे विवेचन केले आणि त्यानंतर ते भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी रचलेले वाळूचे दांडे होत, हे मत रूढ झाले. उत्तर समुद्रातील वाळूच्या दांड्यांशी त्यांचे आकारसाम्य उघड होते. अडचण एवढीच, की आजचे प्रवाह एवढ्या खोलीवर असे ढीग रचण्यास असमर्थ आहेत. हिमयुगाच्या परमावस्थेत मात्र जगातील समुद्रपातळी आजच्याहून 120 मीटरांपेक्षाही अधिक खाली होती. बेल्डरसन, पिंग्री व ग्रिफिथ्स यांनी 1986 मध्ये गणिती प्रतिकृतीच्या साह्याने दाखविले, की खालावलेल्या पातळीत तेथील प्रवाह पुष्कळच प्रबळ असले पाहिजेत. पुढे 2006 मध्ये उएहारा, स्कोर्स आदींच्या प्रतिकृतींनीही हिमयुगोत्तर काळातील विलक्षण मोठ्या भरतीचा निर्वाळा दिला. वाद येथे मिटावयास हरकत नव्हती.

तो मिटला नाही, याचे कारण चिखल. कटकांच्या उतारांवरून काढलेल्या नमुन्यांत हिमानीने आणलेली, दगडगोटे मिसळलेली माती सापडली होती. स्कोर्स व सहकाऱ्यांनी 1990 मध्ये तिचा सविस्तर विचार केला. हिम वितळल्यानंतर रचलेल्या वाळूवर हिमाची माती कशी बसावी? 2015 मध्ये डॅनियल प्रेग व सहकाऱ्यांनी ग्रेट सोल बँकेजवळील अशाच गाळाचा आधार घेऊन दोन निष्कर्ष काढले: हिमस्तर खंड-फळीच्या कडेपर्यंत पोहोचला होता, आणि हे कटक मुळात हिमानीचेच, मागाहून झिजलेले अवशेष असावेत.

‘जेम्स कुक’ या संशोधन-नौकेने 2014 मध्ये गोळा केलेल्या सामग्रीचा उपयोग करून लॉकहार्ट व सहकाऱ्यांनी 2018 मध्ये कटकांची अंतर्रचना तपासली. ध्वनितरंगांच्या परावर्तनांची नमुन्यांशी सांगड घातल्यावर तीन थर दिसले. वरचे पातळ आवरण लाटांनी घडविलेले आहे. त्याखाली जाड व मध्यम वाळू आणि शंखशिंपल्यांचे तुकडे यांचा मोठा संचय, म्हणजे ‘मेल्व्हिल शैलसमूह’ आहे. सर्वांत खालचा ‘वरचा लिटल सोल शैलसमूह’ पूर्वी प्लायोसीनच्या अखेरीचा वा प्लाइस्टोसीनच्या आरंभीचा मानला जाई. तो उत्तर-प्लाइस्टोसीनमधील हिमानी गाळाशी जुळतो, असे आढळून आले. कालनिर्णयातील ही एक चूक दुरुस्त होताच चिखलाचे कोडे बरेचसे सुटते: हिमानी माती कटकाच्या गाभ्यातीलच असून ती उतारावर उघडी पडली आहे. हिमाने आधी उंचवटे निर्माण केले, ते अंशतः झिजले, आणि वर चढत्या समुद्राच्या प्रबळ प्रवाहांनी त्यांवर वाळू चढविली. मधल्या थराचा काळ सुमारे 24,300 ते 14,000 वर्षांपूर्वीचा ठरतो.

हा निर्णय तडजोडीसारखा वाटेल. पण बाह्य आकारावरून उत्पत्ती ठरविण्याची पद्धत येथे अपुरी पडली, हे नाकारता येत नाही. सारख्या रूपांचे शब्द भिन्न मूळांतून येऊ शकतात, हे भाषाभ्यासकास सांगावे लागत नाही. शिवाय लॉकहार्ट आदींनी स्वतःच मान्य केले आहे, की केवळ स्तररचना व गाळाचे स्वरूप पाहिल्यास मधली वाळू हिमजलप्रवाहांनी आणलेलीही असू शकेल. भरतीचा पक्ष त्यांनी स्वीकारला तो प्रतिकृतींतील काळाशी मेळ बसतो म्हणून.

प्रश्न केवळ वाळूचा नाही. हिमस्तर जर खंड-फळीच्या कडेपर्यंत गेला असेल, तर त्याचे पाय समुद्रात होते. आणि 24,000 वर्षांपूर्वीच्या सुमारास तो तेथून त्वरेने मागे हटला. पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तरही बव्हंशी समुद्रपातळीखालील तळावर टेकलेला आहे. असे हिमस्तर किती वेगाने मागे हटतात याचा अंदाज करणारे अभ्यासक म्हणूनच या बुडालेल्या दांड्यांची वये पुन्हा पुन्हा तपासून पाहत आहेत.