फोटोमागचं नाव, गाव आणि साल

कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल. ज्या अजून भाकरी थापत असतील त्यांनी थापत थापतच ऐका.

पाऊस सुरू झाला की आपल्या अकोले तालुक्याचे फोटो साऱ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर फिरायला लागतात. रंधा धबधबा, भंडारदऱ्याचं पाणी, कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. मुंबई-पुण्याची माणसं सुट्टी काढून येतात, फोटो काढतात आणि घरी गेल्यावर नातेवाइकांना, मित्रांना पाठवतात. फिरत फिरत तोच फोटो आपल्या भाच्याच्या मोबाइलवर येतो आणि तो आपल्याला दाखवतो, "मावशी, बघ, आपलं गाव!"

आनंद वाटतो. पण त्या फोटोखाली काय लिहिलेलं असतं? 'स्वर्ग', 'निसर्गाची उधळण', 'एकदा तरी जाच'. बहुतेक वेळा गावाचं नाव नसतं. गावातल्या माणसाचं तर नसतंच. शेतात लावणी करणारी बाई त्या फोटोत दिसते, पण डोंगर आणि ढग दिसतात तशीच, कुणाचीच नसल्यासारखी.

आज आम्ही एवढंच सांगणार आहोत, की फोटो जागा दाखवतो, पण त्या जागेचं काय झालं ते फोटोत येत नाही. ते सांगावं लागतं. आणि ते सांगणारी माणसं आपल्याच वाड्या-पाड्यांवर आहेत. चला तर, जे फोटो सगळे काढतात त्याच ठिकाणी आपण जरा थांबू आणि फोटोत न आलेलं बघू.

आधी कळसूबाई. बारी गावातून वर चढतात ते हे शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. महाराष्ट्रात याच्याहून उंच जागा नाही. वर छोटंसं देऊळ आहे, नवरात्रात तिथं जत्रा भरते. वर गेलेला प्रत्येक जण देवळाजवळ फोटो काढतो. पण ही कळसू कोण?

कहाणी गावागणिक थोडी बदलते, पण गाभा एकच. कळसू ही कोळ्याची पोर. रानात हिंडायची आवड असलेली. डोंगराच्या पायथ्याशी एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून राहिली: मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला तेच काम सांगितलं. तिनं ते केलं, पण त्यानंतर त्या घरात ती राहिली नाही. डोंगर चढून वर गेली आणि शेवटपर्यंत वरच राहिली. तिनं जिथं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात आणि जिथं केर काढला त्या जागेला काळदरा.

मैत्रिणींनो, ही देवीची कहाणी आहे, तिला तारीख-वार नाही. पण राज्यातल्या सगळ्यात उंच जागेला नाव कुणाचं आहे बघा. राजाचं नाही, सरदाराचं नाही. दुसऱ्याच्या घरी कामाला राहिलेल्या आणि ठरलेला शब्द मोडला म्हणून घर सोडून गेलेल्या एका पोरीचं आहे. ती कहाणी कुणी जपली? डोंगराखालच्या आज्यांनी. कळसूबाईच्या फोटोखाली 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' लिहिणाऱ्याला ही कहाणी माहीत नसते. आपल्याला माहीत असते, पण आपण लिहीत नाही.

आता खाली येऊ, भंडारदऱ्याला. धरणाचा फोटो तर सगळेच काढतात. छत्रीसारखं पाणी पडतं त्याला 'अंब्रेला फॉल' म्हणतात. तो डोंगरातला धबधबा नाही, धरणातून सोडलेल्या पाण्याचा आहे. धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. त्या डिसेंबरात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि धरणाला त्यांचंच नाव मिळालं, विल्सन डॅम. पाण्यालाही साहेबी नाव पडलं, आर्थर लेक. २०२६ हे या धरणाचं शंभरावं वर्ष.

सोळा वर्षं दगड रचून ही भिंत उभी राहिली. साधारण ११ टीएमसी पाणी तिच्यामागे साठतं. हे पाणी प्रवरा नदीतून आणि कालव्यांतून खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शिवारात गेलं. एके काळी दुष्काळाला तोंड देणाऱ्या त्या मुलखात ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना काढला, त्याचं गाळप १९५० च्या हंगामात सुरू झालं. त्या साखरेच्या गोडीत आपल्या डोंगरातल्या पावसाचा वाटा आहे.

पण धरणाच्या फोटोत काय येत नाही? सोळा वर्षं दगड वाहणारी माणसं येत नाहीत. पाण्याखाली गेलेली भातखाचरं येत नाहीत. धरणाभोवती आजही मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी ही गावं आहेत. तिथं पाऊस एवढा पडतो, की छपराला चारी बाजूंनी आडोसा बांधावा लागतो. तरी चैत्र-वैशाखात डोंगरावरच्या वाड्यांतल्या बायकांच्या डोक्यावर हंडा येतोच. डोळ्यांसमोर धरण आणि डोक्यावर हंडा, हा फोटो कोणत्याही सहलीच्या अल्बममध्ये सापडणार नाही. तो आपण काढायला पाहिजे. तक्रार म्हणून काढू नका, नोंद म्हणून काढा. विल्सनसाहेबाचं नाव सगळ्यांना पाठ आहे. पण तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांनी धरणाच्या कामावर दगड वाहिला असेल, तर त्यांचं नाव कुठे लिहिलंय?

रतनवाडीला जाऊ. तिथं अमृतेश्वराचं देऊळ आहे, बाहेरून आतून कोरीव काम, शेजारी दगडी पुष्करणी. मागं रतनगड, तिथंच प्रवरेचा उगम. म्हणून प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. या देवळाच्या फोटोखाली हमखास एक शब्द असतो, 'हेमाडपंती'. हा शब्द हेमाडपंतांवरून आला. ते देवगिरीच्या यादवांचे मंत्री, तेराव्या शतकातले. आणि हे देऊळ त्यांच्याही आधीचं, हजारएक वर्षांपूर्वीचं मानलं जातं. चुना न वापरता दगडात दगड बसवलेलं जुनं देऊळ दिसलं की आपल्याकडे सरसकट हेमाडपंती म्हणायची सवय पडली आहे. म्हणून पाहुण्यानं विचारलं तर आपण सांगू शकतो, "दादा, हे हेमाडपंतांच्याही आधीचं." एका वाक्यानं फोटोचा इतिहास बदलतो.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेचा फोटोही असाच प्रसिद्ध. थंडगार पाण्यात मोठी पिंड, भोवती चार खांब, त्यांतला एकच धड उभा. लोक सांगतात, एकेका युगाला एकेक खांब मोडला. पण याच गडावर चांगदेवांनी तप केलं आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ रचला असं मानतात, हे किती जणांना माहीत असतं? एवढे मोठे योगी, पण परंपरा सांगते, की त्यांनी गुरू मानलं ते वयानं कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईला. गडावर जाणाऱ्या शाळेच्या मुलींना हे नक्की सांगा.

आता देवगाव. इथं मोठा धबधबा नाही, म्हणून फोटोही कमी. पण हे राघोजी भांगरे यांचं गाव. महादेव कोळी समाजातल्या या वीरानं सावकारी लुबाडणुकीविरुद्ध आणि इंग्रज सरकारविरुद्ध बंड केलं. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत ते इंग्रजांना वर्षानुवर्षं सापडले नाहीत. शेवटी पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. १८५७ च्या उठावाला तेव्हा अजून नऊ वर्षं होती. मुलाचा ठावठिकाणा सांगावा म्हणून राघोजींच्या आईचा छळ झाला, असं सांगतात. राघोजींचा फोटो नाही, त्यांच्या आईचाही नाही. फोटो नसला म्हणून इतिहास नाही, असं होत नाही. तोंडातोंडी चालत आला म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. तोंडं बंद झाली असती, तर गेला असता.

मैत्रिणींनो, आता बाहेरचं सोडून घरात येऊ. तुमच्या पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्यामागं, भिंतीवरच्या चौकटीत जुने फोटो असतील. लग्नातले, जत्रेतले, पंढरीच्या वारीतले, नाशिक-त्र्यंबकच्या यात्रेतले. आपल्या आधीच्या बायकांची सुट्टी म्हणजे यात्राच. त्या फोटोतल्या पुरुषांची नावं घरात सांगता येतात. बायांची? "ही थोरल्या आजोबांची पहिली मंडळी," एवढंच. तिचं नाव काय, माहेर कुठलं, हे सांगणारी एखादीच म्हातारी उरलेली असते. ती गेली की त्या फोटोतली बाई दुसऱ्यांदा जाते.

म्हणून हे काम या महिन्यातच करा. फोटो घेऊन घरातल्या सगळ्यात जुन्या बाईजवळ बसा. साल आठवत नसेल तर साल विचारूच नका. विचारा, "हा दुष्काळाआधीचा की नंतरचा?" १९७२ चा दुष्काळ कुणी विसरलेलं नाही. तेव्हा बायांनी कामावर जाऊन खडी फोडली, तलावाची माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्याच अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि पुढं साऱ्या देशानं तो कित्ता गिरवला. कोयनेचा भूकंप झाला तो १९६७ मध्ये. गावात वीज कधी आली, पहिली एसटी कधी आली, शाळा कधी निघाली, अशा खुणांवरून साल काढता येतं.

मग फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. शाईच्या पेननं नको, शाई पुढच्या बाजूला उतरते. पाच गोष्टी लिहा: कोण आहे, बाईचं स्वतःचं नाव आणि माहेर, गाव कुठलं, साल अंदाजे कोणतं, आणि सांगितलं कुणी. सांगणारीचं नावही हवं, ते विसरू नका. मोबाइलवर सांगणारीचा आवाज भरून ठेवलात तर आणखी बरं.

फोटोबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मे संपता संपता आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या रानात काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, जांभळाची झाडं दिव्यांनी भरून जातात. गाड्या भरभरून माणसं येतात. पण काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीनं एकमेकांना दिलेली हाक असते. बॅटरीचा, गाडीचा, फोटोच्या फ्लॅशचा झोत पडला की ती हाक हरवते आणि पुढच्या वर्षी काजवे कमी होतात. तेव्हा पाहुण्याला नम्रपणे सांगा, दिवे बंद करा, अंधारातच बघा. काही गोष्टी डोळ्यांनीच घरी न्यायच्या असतात.

दुसरं, आपल्या फोटोचं. लावणीत बाई कमरेत वाकलेली, पदर खोचलेला, आणि बांधावर कुणी मोबाइल धरून उभा. त्याला थांबवायचा हक्क आपल्याला आहे. रागानं नाही, सरळ म्हणायचं, "आधी विचारा, मग काढा. नाव लिहा, आणि फोटो आम्हालाही पाठवा."

आणि आपला फोटो किती लांब जातो, ते कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे बघून कळतं. शाळेत न गेलेल्या या बाईनं गावठी बियाणं जपलं. वाल, घेवडा, भाताचे जुने वाण मडक्यांत, राखेत राखले. २०१८ मध्ये बीबीसीनं त्यांना जगातल्या शंभर महिलांत निवडलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा फोटो जगभर गेला, पण तो नावागावासकट आणि कामासकट गेला. बियाण्याच्या मडक्यावर वाणाचं नाव लिहिलेलं नसेल तर पेरणाऱ्याला काय कळणार? फोटोचंही तसंच आहे.

तुमच्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एक फोटो आणायचा, घरातला किंवा गावातल्या जागेचा, आणि पाच मिनिटं त्याच्याबद्दल बोलायचं. लिहिता येणारीनं वहीत उतरून घ्यायचं. ज्या गटांच्या ताया पाहुण्यांना जेवण देतात, नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं वाढतात, त्यांनी ताटासोबत गावाची एक गोष्टही वाढावी. गोष्ट ऐकलेला पाहुणा घरी जाऊन फोटोखाली नुसतं 'स्वर्ग' लिहिणार नाही. गावाचं नाव लिहील, आणि पुढच्या वर्षी तुमचं घर विचारत येईल.

वहीतलं पहिलं पान भरलं की आम्हाला कळवा. तुमच्या गावाची गोष्ट तुमच्याच आवाजात याच रेडिओवर ऐकवू.