नियमांनी घडवलेला गोलरक्षक

1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने खेळाचे पहिले नियम ठरवले, तेव्हा त्यांत गोलरक्षक नावाचा कोणी नव्हताच. हवेतला चेंडू हाताने झेलण्याची मुभा तेव्हा मैदानावरच्या सगळ्यांनाच होती. पुढच्या काही वर्षांत ती सरसकट काढून घेतली गेली आणि 1871 मध्ये एकट्या एका खेळाडूला परत मिळाली, तीही आपल्या गोलचे रक्षण करण्यापुरती. गोलरक्षक जन्माला आला तो असा, अपवादाच्या कलमातून. आघाडी, मधली फळी, बचाव या जागा संघांनी डावपेच लढवता लढवता ठरवल्या. नियमपुस्तकाला त्यांच्याशी आजही देणेघेणे नाही. गोलरक्षकाचे तसे नाही. त्याच्या धंद्याचा इतिहास समजून घ्यायचा तर थोर गोलरक्षकांच्या चरित्रांआधी नियमांतल्या दुरुस्त्या वाचाव्यात, असे माझे म्हणणे आहे. त्याने काय करायचे, किती वर्षे करायचे, अंगावर किती मार घ्यायचा आणि नोकरी कशापायी गमवायची, हे बहुतेक वेळा त्या दुरुस्त्यांनीच ठरवले. आणि गंमत अशी की त्याच्या हातून जेव्हा जेव्हा काही काढून घेतले गेले, तेव्हा तेव्हा त्याचे काम अधिक कसबाचे झाले.

सुरुवातीची चाळीसेक वर्षे हा हक्क बराच सैल होता. 1887 मध्ये हाताचा वापर स्वतःच्या अर्ध्या मैदानापुरता राखला गेला, पण अर्धे मैदान म्हणजे काही थोडीथोडकी जागा नव्हे. चेंडू हातात धरून दोन पावलांपलीकडे चालायला बंदी होती. जमिनीवर आपटत नेण्याला मात्र नव्हती. वेल्सचा ली रिचमंड रूस या फटीतून बिनदिक्कत पुढे जाई. स्टोक, एव्हर्टन, संडरलँड अशा संघांकडून खेळताना तो चेंडू टप्पे पाडत थेट मध्यरेषेपर्यंत आणायचा आणि तिथून समोरच्या गोलकडे भिरकावून द्यायचा. त्याच काळातला विल्यम फोक वजनाने सव्वाशे किलोच्या घरात गेला होता, तरी शेफील्ड युनायटेडसोबत त्याने 1899 आणि 1902 असे दोनदा एफ.ए. कप जिंकले. त्याआधीचा आर्थर व्हार्टन, आजच्या घानातल्या आक्रामध्ये 1865 साली जन्मलेला, जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानला जातो. 1886 मध्ये त्याने शंभर यार्ड दहा सेकंदांत धावून दाखवले होते. धावपटू, पैलवानी अंगाचा, हरहुन्नरी: त्या काळचा गोलरक्षक यांपैकी काहीही असू शकत होता, कारण त्याचे नेमके काम काय हे अजून ठरायचेच होते. मोबदलाही त्याच मानाने मिळे. 1905 मध्ये चेल्सीने फोकला अवघ्या 50 पौंडांत घेतले. व्हार्टन उतारवयात खाणीत राबला आणि 1930 मध्ये वारला. 1997 पर्यंत त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

1910 मध्ये स्कॉटलंडमधल्या थर्ड लानार्क आणि मदरवेल यांच्या सामन्यात दोन्ही गोलरक्षकांनी गोल केले, आणि 1912 मध्ये हाताचा वापर पेनल्टी क्षेत्रापुरता मर्यादित झाला. एका फटक्यात रूसची सारी कला बेकायदा ठरली. वरवर पाहता हा गोलरक्षकाचा संकोच होता, पण आधुनिक धंद्याची सुरुवात मी इथूनच मानतो. कोन आवळणे, उंच चेंडूसाठी पुढे यायचे की रेषेवर थांबायचे याचा निवाडा, भिंत उभी करणे या सगळ्याला त्या मर्यादित चौकटीमुळे मोल आले. हरहुन्नरी माणसाच्या जागी कारागीर आला. रूस स्वतः 1916 मध्ये सोमच्या लढाईत मारला गेला.

यावर आक्षेप असा येईल की नियम आभाळातून पडत नाहीत. खेळाडू जे करतात त्याला उत्तर म्हणून ते येतात. खरे आहे, आणि पेनल्टी हे त्याचे सर्वात बोचरे उदाहरण. ती सुचवली आयर्लंडमधल्या मिलफर्ड क्लबच्या विल्यम मॅकक्रमने, आणि मॅकक्रम होता स्वतः गोलरक्षक! 1891 मध्ये कलम मंजूर झाले तेव्हा गोलरक्षकाला सहा यार्ड पुढे धावून येता येत होते. 1905 मध्ये त्याला रेषेवर आणले, 1929 मध्ये चेंडूला पाय लागेपर्यंत जागचे हलू नये असे बजावले, 1997 मध्ये रेषेवर आडवे सरकायला परवानगी दिली आणि 2019 मध्ये एक पाय रेषेवर असला तरी पुरे असे ठरवले. 1970 पासून बरोबरीचा निकाल लावायला पेनल्टींची मालिका आली आणि या एकाच कौशल्यासाठी माणूस राखून ठेवणे शक्य झाले: 2014 च्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध अतिरिक्त वेळेच्या अखेरच्या क्षणी नेदरलँड्सने टिम क्रूलला केवळ त्यासाठी उतरवले आणि त्याने दोन पेनल्टी अडवल्या. तेव्हा नियम खेळाडूंच्या वागण्यातून येतात हे कबूल. पण एकदा आले की गोलरक्षकांच्या पुढच्या पिढ्यांना ते जन्मजात परिस्थितीसारखे असतात. रूसने काय केले होते याच्याशी 1930 च्या गोलरक्षकाला कर्तव्य नव्हते. त्याला चौकट तेवढी ठाऊक होती.

नियमांचा दुसरा प्रवाह हाताचा नव्हे, शरीराचा. इंग्लंडमध्ये चेंडू धरून उभ्या असलेल्या गोलरक्षकाला खांद्याने धडक मारून चेंडूसकट जाळ्यात ढकलणे कायदेशीर होते. 1 फेब्रुवारी 1936 रोजी संडरलँडच्या रोकर पार्कवर चेल्सीविरुद्ध खेळताना बावीस वर्षांच्या जिमी थॉर्पने सहकाऱ्याने मागे दिलेला चेंडू उचलला, आणि त्याच्या डोक्यावर व छातीवर लाथा बसल्या. तो सामना संपेपर्यंत गोलमध्ये उभा राहिला. चार दिवसांनी तो मरण पावला. त्याला मधुमेह होता. चौकशीत मृत्यूचे कारण मधुमेहच नोंदले गेले, पण प्रतिस्पर्ध्यांच्या आडदांडपणामुळे तो लवकर ओढवला असेही म्हटले गेले. संडरलँडने त्या हंगामात लीग जिंकली आणि थॉर्पचे पदक त्याच्या पत्नीच्या हाती गेले. चेंडू कवेत धरलेल्या गोलरक्षकावर पाय उगारायचा नाही, हा नियम या मृत्यूनंतरचा. धडक मात्र चालूच राहिली. 1956 च्या एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा बर्ट ट्राउटमन मानेचे हाड मोडलेले असताना शेवटची मिनिटे खेळला, कारण बदली खेळाडूची सोयच नव्हती. 1958 च्या अंतिम सामन्यात बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने मँचेस्टर युनायटेडच्या हॅरी ग्रेगला चेंडूसह रेषेपार लोटले आणि तो गोल धरला गेला. ट्राउटमनच्या शौर्याच्या कथा आजही रंगवून सांगतात. मला त्यात शौर्याइतकीच नियमांची बेपर्वाई दिसते.

इथे माझ्या प्रतिपादनाला थोडी मुरड घातली पाहिजे. गोलरक्षकाला संरक्षण मिळाले ते केवळ छापील कलमांमुळे नव्हे. युरोपातल्या पंचांना इंग्लंडची धडक मान्य नव्हती, आणि 1955 नंतर युरोपीय क्लबस्पर्धा वाढल्या तसे इंग्लिश पंचही सावध झाले. म्हणजे नियम आणि त्याचा वापर यांत अंतर होते, आणि अनेकदा वापर पुढे धावला. परिणाम मात्र स्पष्ट आहे. शरीर वाचले, तशी कारकीर्द लांबली. डिनो झोफने 1982 मध्ये चाळिशीत कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला. पीटर शिल्टनने इंग्लंडच्या लीगमध्ये हजारावर सामने खेळले. इजिप्तचा एसाम अल-हदारी 2018 च्या विश्वचषकात पंचेचाळिसाव्या वर्षी खेळला आणि त्याने पेनल्टीही अडवली.

मग बार्बोसाचे काय, असे कोणी विचारील. 16 जुलै 1950 रोजी माराकानावर ब्राझीलला विश्वविजेतेपदासाठी बरोबरी पुरेशी होती. एकोणऐंशीव्या मिनिटाला उरुग्वेचा गिजिया उजवीकडून आला. आधीच्या गोलसारखा तो आताही आत पास देईल, या अंदाजाने ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा किंचित पुढे सरकला. गिजियाने चेंडू त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधून मारला. उरुग्वे 2, ब्राझील 1. त्यानंतर बार्बोसा देशासाठी जेमतेम एकदा खेळला आणि 2000 मध्ये मरेपर्यंत त्याला तो गोल विसरू दिला गेला नाही. ब्राझीलच्या पुढच्या कृष्णवर्णीय गोलरक्षकाला विश्वचषकात पहिली पसंती मिळायला 2006 साल आणि दीदा उजाडावा लागला. ही शिक्षा कोणत्या नियमाने दिली? कोणत्याच नाही, त्यात जनतेचा राग होता आणि वर्णद्वेषही होता. पण त्या रागाला एकच धनी सापडला तो 1871 च्या अपवादामुळे. अकरांपैकी एकाला वेगळा हक्क दिला की जबाबही त्याच एकाला द्यावा लागतो. त्या गोलआधी गिजियाला मोकळे सोडणाऱ्या बचावफळीचा हिशेब कोणी इतक्या निष्ठेने मांडला नाही.

सर्वात वजनदार आक्षेप प्रतिभेचा आहे. हंगेरीचा ग्रोसिच 1950 च्या दशकात क्षेत्राबाहेर येऊन चेंडू मारत होता. डायनामो मॉस्कोचा लेव्ह याशिन बचावफळीला ओरडून हलवत होता आणि 1963 मध्ये बालॉन द'ओर मिळवणारा आजवरचा एकमेव गोलरक्षक ठरला. 1974 मध्ये नेदरलँड्सने यान योंगब्लूडला निवडले ते पायाने खेळता येते म्हणून; आठ क्रमांकाचा शर्ट घालणाऱ्या या गृहस्थांचे तंबाखूचे दुकान होते. हे सारे मान्य करूनही प्रश्न उरतो: अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असताना बाकीचे गोलरक्षक चाळीस वर्षे होते तसेच का राहिले? उत्तर सोपे आहे, त्यांना बदलण्याची गरज नव्हती. संकट आले की चेंडू मागे द्यायचा, गोलरक्षकाने तो उचलायचा, वेळ काढायचा. 1990 च्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी 2.21 गोल झाले आणि प्रेक्षक कंटाळले. 1992 ची युरोपीय स्पर्धा डेन्मार्कने जिंकली तीही चेंडू पुन्हा पुन्हा गोलरक्षक श्मायकेलच्या हाती सोपवत. त्याच उन्हाळ्यात नियम आला: सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही. हेतू वेळकाढूपणा मोडण्याचा होता, गोलरक्षकाला खेळ शिकवण्याचा नव्हता. पण याशिन आणि योंगब्लूड यांना जे साधले नाही ते या एका वाक्याने केले; जे काहींची लहर होती ते सर्वांच्या पोटापाण्याचे झाले. 2016 मध्ये मँचेस्टर सिटीत आलेल्या प्रशिक्षक ग्वार्डिओलाने चार वेळा गोल्डन ग्लोव्ह मिळवलेल्या जो हार्टला घरचा रस्ता दाखवला तो हातांतल्या दोषासाठी नव्हे.

किमती पाहून लगेच हुरळून जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. विश्वविजेत्या इंग्लंडचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स याला 1967 मध्ये स्टोकने सुमारे 50 हजार पौंडांना घेतले, तर त्याच विश्वविजेत्या संघात मधल्या फळीत खेळणारा अॅलन बॉल वर्षभरापूर्वी सुमारे 1 लाख 10 हजारांना गेला होता. 2018 मध्ये चेल्सीने गोलरक्षक केपासाठी 7 कोटी पौंडांहून अधिक मोजले. पण मधल्या काळात दूरचित्रवाणीचा पैसा आला, करार संपलेल्या खेळाडूला मोकळे करणारा 1995 चा बॉसमन निकाल आला. सगळ्यांचेच भाव चढले आणि गोल करणाऱ्याचा भाव अडवणाऱ्याच्या वरच राहिला. हातांचे दिवसही संपलेले नाहीत. 2025 मध्ये पॅरिसला चॅम्पियन्स लीग जिंकून देणाऱ्या दोन्नारुम्माला, वेगळ्या धाटणीचा गोलरक्षक हवा म्हणून, त्याच्या क्लबने सोडले, आणि त्याला लगेच घेतले ते हार्टला काढणाऱ्या ग्वार्डिओलाच्याच संघाने. यावरून कोणी म्हणेल की पायांचे हे सारे खूळ होते. मला तसे वाटत नाही: आता पायांचा हिशेब प्रत्येक वेळी होतो, निकाल कधी हातांच्या बाजूने लागतो इतकेच.

आपल्याकडे या धंद्याला धंदा म्हणण्याजोगे दिवस फार उशिरा आले. भारताचा गोलरक्षक पीटर थंगराज सुरुवातीला लष्करात राहून खेळला. 1996 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू होईपर्यंत मुंबई, गोवा, कोलकाता इथल्या बहुतेक खेळाडूंचे घर गिरणी, बँक किंवा कंपनीच्या पगारावर चाले. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकर संघाचे आणि भारताचे गोलरक्षक होते, देशाचे कर्णधारही होते. त्यांना अर्जुन पुरस्कार 1997 मध्ये आणि पद्मश्री 2022 मध्ये मिळाली, म्हणजे बऱ्याच उशिरा.

दुरुस्त्या अजून थांबलेल्या नाहीत. चेंडू हातात ठेवायला सहा सेकंदांची मर्यादा होती, पण शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची असल्याने पंच ती क्वचितच देत. 1 जुलै 2025 पासून मर्यादा आठ सेकंदांची झाली आहे. शेवटचे पाच सेकंद पंच हात उंचावून बोटांवर मोजतो, आणि त्यानंतरही चेंडू हातात राहिला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो.