नौकानयन दिवे : एलईडी रूपांतर

रात्री व अंधूक हवेत नौकेचा प्रकार, तिची दिशा आणि चालू असलेले काम इतरांना ओळखता यावे म्हणून ठरावीक रंगांचे व कोनांचे जे दिवे लावतात त्यांना नौकानयन दिवे म्हणतात. या दिव्यांत तापतंतूच्या बल्बाऐवजी प्रकाशोत्सर्जक डायोड (एलईडी) बसविणे एवढाच प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. प्रखर झोताखाली मासे गोळा करून पकडण्याची ‘एलईडी मासेमारी’ निराळी. भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात तिच्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली.

कोन व तीव्रता : समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले व १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. त्यांनुसार डावीकडे लाल व उजवीकडे हिरवा दिवा असून प्रत्येकाचा कोन ११२.५° असतो. डोलकाठीवरचा पांढरा दिवा पुढच्या बाजूने २२५° आणि पिछाडीचा पांढरा दिवा १३५° दिसला पाहिजे. हे आकडे विचित्र वाटतात. होकायंत्राच्या ३२ भागांच्या जुन्या हिशेबात मात्र ते अनुक्रमे १०, २० व १२ असे सरळ बसतात. बाजूच्या दिव्यांचा प्रकाश समोरच्या अंगाला नेमून दिलेल्या कोनाबाहेर १° ते ३° यांच्या दरम्यान तुटलाच पाहिजे. नौका लाटांवर डोलते, म्हणून यांत्रिक नौकेवर क्षितिजपातळीच्या ५° वर व ५° खाली आवश्यक तीव्रता कायम राहावी लागते.

१२ मी.पेक्षा कमी लांबीच्या नौकेचे बाजूचे दिवे १ सागरी मैलावरून आणि पिछाडीचा दिवा २ मैलांवरून दिसावा लागतो. त्यासाठी लागणारी तीव्रता १ मैलास ०.९ कँडेला, २ मैलांस ४.३ कँडेला, ३ मैलांस १२ कँडेला अशी आहे. हवेत प्रकाश शोषला जात असल्याने अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौपटीपेक्षाही जास्त वाढवावी लागते. कोकणातील बहुसंख्य लहान होड्यांचा प्रश्न या पहिल्या दोन आकड्यांतच संपतो.

विजेची बचत : २५ वॅटचे तीन बल्ब दहा तास जळले तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ६२ अँपिअर-तास जातात. प्रत्येकी २ वॅटच्या तीन एलईडी दिव्यांना त्याच वेळात ५ पुरतात. रात्रभर जाळे टाकून इंजिन बंद ठेवणाऱ्या बोटीला पहाटे इंजिन सुरू करण्याइतकी बॅटरी शिल्लक राहते. रूपांतरामागे हे मुख्य कारण असते.

बल्ब बदलणे व दिवा बदलणे : या दोहोंत विक्रेते बहुधा फरक करीत नाहीत, तो करणे आवश्यक आहे. जुन्या दिव्याचे भिंग एका उभ्या बारीक तंतूसाठी, त्याच्या नेमक्या जागेसाठी आखलेले असते. त्या जागी अनेक चिपांचा एलईडी बल्ब खोचला की प्रकाशाचा उगम रुंदावतो, कडेचा छेद पसरतो आणि समोरून येणाऱ्याला लाल व हिरवा हे दोन्ही दिवे नको त्या कोनातून एकदम दिसू लागतात. रंगाचीही तीच गत. थंड पांढऱ्या एलईडीत निळा अंश जास्त व लाल कमी. लाल काचेमागे तो मंद पडतो, हिरव्या काचेमागे निळसर झाक येते. लाल काचेमागे लाल व हिरव्या काचेमागे हिरवा डायोड वापरल्यास रंग सुधारतो, कोन सुधारत नाही. प्रमाणपत्र पूर्ण दिव्याला मिळते, सुट्या बल्बाला नव्हे.

तापतंतू तुटतो तेव्हा दिवा विझतो आणि खलाशाला कळते. एलईडी मात्र पेटलेला दिसत राहून वर्षानुवर्षे मंदावत जातो. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००७ च्या मानकांत, तीव्रता आवश्यकतेखाली उतरल्यास सूचना देणारी योजना असावी किंवा निर्मात्याने दिलेल्या आयुर्मर्यादेपुरताच दिवा वापरावा, असे सांगितले आहे. ही मानके मोठ्या जहाजांसाठी आहेत. लहान बोटीवर बसविल्याची तारीख दिव्याच्या पाठीवर लिहून ठेवणे हाच व्यवहार्य उपाय.

रेडिओ व्यत्यय : एलईडीला स्थिर प्रवाह पुरविणारे मंडल निकृष्ट असेल तर त्यातून रेडिओ लहरी निघतात. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबाबत इशारा दिला होता. व्हीएचएफचा संकटकालीन १६ क्रमांकाचा मार्ग (१५६.८ मेगाहर्ट्‌झ) व एआयएस (नौकांची स्वयंचलित ओळख प्रणाली) यांवर परिणाम होऊ शकतो. परीक्षा सोपी : १६ वर खरखर ऐकत दिवे लावावे व मालवावे.

मासेमारी : ट्रॉल ओढणाऱ्या नौकेने हिरव्याखाली पांढरा, इतर मासेमारी नौकांनी लालाखाली पांढरा चौफेर दिवा लावावयाचा असतो. नौकानयन दिव्यांची ओळख बुजेल असे अन्य दिवे लावण्यास मनाई आहे. डेकवरच्या फ्लडलाइटांमुळे हा नियम सर्रास मोडतो.

नदीवरील नौका (बालाघाट) : वरील नियम खुल्या समुद्राला आणि त्याला जोडलेल्या, सागरी नौका जाऊ शकतील अशा पाण्यालाच लागू होतात, मध्य प्रदेशातील वैनगंगा नदीचे बालाघाटजवळचे पात्र त्यांत मोडत नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात वैनगंगा–प्राणहितेचा खालचा टप्पा आहे, हा नाही. येथील यांत्रिक नौकांना अंतर्देशीय नौका कायदा, २०२१ लागू पडतो. वल्ह्यांच्या डोंग्यांची नोंद त्याच कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविली आहे. वल्ह्यांच्या होडीसाठी सागरी नियमही टक्कर टळेल इतक्या आधी दाखविता येईल असा टॉर्च किंवा पेटता कंदील हाताशी असणे पुरेसे मानतात.