पास्कापासून पावसापर्यंत

जुन्या विवाह-नोंदवह्या चाळणे हा धर्मगुरूच्या वाट्याला येणारा एक निवांत उद्योग आहे. कुणाला परदेशी जाण्यासाठी आजोबांच्या लग्नाचा दाखला हवा असतो, कुणाला वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीसाठी. त्या निमित्ताने पिवळी पडलेली पाने उलटताना एक गोष्ट डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. जानेवारीची पाने भरगच्च असतात. फेब्रुवारीत ओघ मध्येच थबकतो. मार्च बहुधा कोरा जातो. मग एप्रिलमध्ये एके दिवशी बांध फुटावा तशी लग्ने सुरू होतात आणि मेअखेरपर्यंत एका पानावर दोन दोन, तीन तीन नोंदी दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. जून उजाडला की पुन्हा शाई वाळते.

हा चढउतार कुणी ठरवला? आपण सहज म्हणतो, 'ही आपली जुनी रीत.' पण रीतीलाही आईबाप असतात. वसई, साष्टी आणि मुंबईच्या आपल्या कॅथलिक कुटुंबांचे वसंतातले सारे सोहळे, म्हणजे लग्ने, मुलांचे पहिले कम्युनियन, वाडीतल्या क्रुसाची लादीन, अंगणातले मसाल्याचे कांडण, ज्या दोनअडीच महिन्यांत कोंबून बसवले आहेत, त्या महिन्यांची एक कड रोमने आखली आणि दुसरी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी.

पहिली कड ट्रेंटच्या परिषदेची. १५६३ साली या परिषदेने विवाहाचे नियम घालून दिले. लग्नापूर्वी तीन वेळा जाहीर घोषणा, धर्मगुरू व साक्षीदारांसमोर संमती, आणि आगमनकाळ व उपवासकाळ या दोन्ही काळांत विवाहाचा थाटमाट बंद. भस्म बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठव्या दिवसापर्यंत ही बंदी असे. १९१७ च्या धर्मसंहितेने ती थोडी सैल करून ईस्टरच्या दिवसापर्यंत आणली. अडचण असेल तर महागुरूंच्या परवानगीने साधेपणाने लग्न लावता येई. परंतु वाजंत्रीशिवाय, मांडवाशिवाय लेकीला सासरी कोण पाठवणार? लोक थांबत. १९८३ च्या नव्या संहितेत ही बंदी उरली नाही, तरी आजही उपवासकाळात लग्नाची तारीख मागायला येणारे कुटुंब विरळाच. कायदा गेला, पण सवय राहिली.

दुसरी कड आभाळाची. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो. मग अंगणात मांडव टिकत नाही आणि भाताच्या पेरणी-लावणीतून माणसांना मान वर करायला सवड मिळत नाही. म्हणजे जे काही करायचे ते ईस्टर आणि मृग यांच्या मध्ये. आता ईस्टर हा सण हलता. ३२५ साली नायसियाच्या परिषदेने तो साऱ्या ख्रिस्तसभेने एकाच दिवशी पाळावा असे ठरवले. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढला रविवार, या हिशेबाने तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. १९४० साली ईस्टर २४ मार्चला आला होता. लग्नघरांना दहा आठवडे मिळाले. तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, तो अगदी शेवटच्या तारखेला, २५ एप्रिलला आला. जेमतेम सहा आठवडे! मांडववाले, वाजंत्रीवाले आणि आचारी यांची त्या वर्षी काय तारांबळ उडाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

जाता जाता एक गंमत. आपला हा सण चंद्रावर चालत असल्याने कधी तो होळीच्या पौर्णिमेमागोमाग येतो, तर कधी चैत्री पौर्णिमेमागोमाग. २००८ साली शुभ शुक्रवार आणि होळी एकाच दिवशी, २१ मार्चला आली होती. शेजारच्या आळीत होळी पेटत होती आणि इकडे क्रुसाच्या वाटेची भक्ती चालली होती. कुणाची कुणाला अडचण झाली नाही.

उपवासकाळ संपण्याची घटकाही एकेकाळी वेगळी होती, हे आजच्या तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही. आपण पास्काची जागरणविधी शनिवारी रात्री करतो. परंतु आपल्या आजीपणजींच्या काळी ती शनिवारी सकाळीच होत असे. भर उजेडात पास्काची मेणबत्ती पेटे, गुरुवारपासून मुक्या झालेल्या घंटा वाजत आणि दुपारी बारा वाजता उपवासकाळ कायद्याने संपे. म्हणजे चाळीस दिवस मांसाविना काढलेल्या घरात शनिवारी दुपारीच चुलीवर हंडी चढे. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये प्रयोग म्हणून आणि १९५६ पासून सक्तीने हा विधी रात्रीत आणला. उपासनेच्या दृष्टीने ते योग्यच झाले, कारण पुनरुत्थानाचा जयघोष सकाळी नऊ वाजता करणे म्हणजे सूर्याला मेणबत्ती दाखवणे होते. परंतु घराघरांतल्या जुन्या बायकांना हा बदल पचायला वेळ लागला. माझी आजी सांगे, 'शनिवारची दुपार ओस पडली.' शुभ शुक्रवारची पेज आणि लोणचे एक दिवस अधिक खावे लागले, ही तिची खरी तक्रार होती.

मुलांच्या पहिल्या कम्युनियनचेही असेच. सात-आठ वर्षांचे पांढऱ्या पोशाखातले मूल आपल्याला इतके स्वाभाविक वाटते, की हे असेच परंपरेने चालत आले असावे असा समज होतो. वस्तुतः मुले दहा ते चौदा वर्षांची होईपर्यंत त्यांना थांबवण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. पोप पायस दहावे यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने हे वय सातव्या वर्षाच्या आसपास आणले. त्या काळी कम्युनियन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नसे. पाण्याची मोकळीक १९५३ मध्ये मिळाली, तीन तासांचा उपवास १९५७ मध्ये आणि एक तासाचा १९६४ मध्ये ठरला. वैशाखातल्या उकाड्यात रात्रभर तहानलेली मुले मिस्सा संपताच कोमेजून जात. म्हणून त्यांना लगेच खाऊपिऊ घालण्याची व्यवस्था करावी लागे. आज सभागृहात केक कापून जो समारंभ होतो, त्याचे मूळ मला तरी त्या भुकेल्या मुलांसमोर ठेवलेल्या न्याहारीच्या बशीत दिसते.

आता लग्नाकडे वळू, कारण या ऋतूचा राजा तोच.

लग्नाच्या आदल्या दिवशी आपल्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि वधू-वरांच्या स्नानासाठी पाणी आणतात. याला आपण 'उंबराचे पाणी' म्हणतो. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या लग्नविधीतही उंबराला मान आहेच. हळद लागते, नारळाचा रस लागतो, ओव्या म्हटल्या जातात. सेमिनरीत असताना मी या साऱ्याकडे थोड्या संशयाने पाहत असे. पुढे गोव्याच्या धर्मन्यायालयाचा १४ एप्रिल १७३६ चा जाहीरनामा अभ्यासण्याचा योग आला, तेव्हा माझ्यासारखाच संशय बाळगणारे लोक अडीचशे वर्षांपूर्वी कोणत्या थरापर्यंत गेले होते हे कळले. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या धर्मन्यायालयावरील ग्रंथामुळे हा विषय अभ्यासकांपुढे आला. जाहीरनामा वाचताना हसावे की रडावे कळत नाही. लग्नात विडा-सुपारी वाटायची नाही. वधू-वरांना हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ लावायचे नाही. ओव्या म्हणायच्या नाहीत. अंगणात तुळस ठेवायची नाही. पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. जणू ख्रिस्तावरील श्रद्धा हळदीच्या बोटाने पुसली जाणार होती!

आणि हे सारे त्याच चर्चच्या नावाने, ज्या चर्चच्या पोप ग्रेगरी महान यांनी ६०१ साली इंग्लंडच्या मिशनऱ्यांना निरोप धाडला होता की लोकांची देवळे पाडू नका, त्यांचे सणसमारंभ मोडू नका, त्यांना नवा अर्थ द्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात जे सांगितले, की अंधश्रद्धेशी घट्ट न जोडलेल्या लोकरीतींचा चर्च आदर करते, ते तेराशे वर्षांपूर्वीचेच शहाणपण होते. मधल्या काळात आपण ते विसरलो, हे कबूल करायला धर्मगुरूला लाज वाटू नये.

तो जाहीरनामा गोमंतकाचा. उत्तरेत, आपल्या भागात, त्याला मुळे धरायला अवसरच मिळाला नाही असे मला वाटते. कारण अवघ्या तीन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. १५३४ पासून चाललेली पोर्तुगीज सत्ता संपली. पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. मूठभर एतद्देशीय धर्मगुरू मागे राहिले आणि त्यांच्यावर गावेच्या गावे सोपवली गेली. हेही मे महिन्यातच घडले, ज्या महिन्यात वाड्यांत मांडव पडलेले असतात. शासन बदलले, पाद्री पांगले, पण लोकांच्या घरातली प्रार्थना थांबली नाही. ज्या भक्तीला धर्मगुरूची गरज लागत नाही अशी भक्ती त्यांच्यापाशी होती. ती म्हणजे जपमाळ आणि लादीन.

लादीन म्हणजे पवित्र मरियेची लोरेटोची लितानी. पोप सिक्स्टस पाचवे यांनी तिला १५८७ मध्ये मान्यता दिली. लॅटिनचा गंध नसलेली माणसे ती लॅटिनमध्ये, सुरावर, तोंडपाठ गात. उच्चारांची त्यांनी काय दशा केली ते विचारू नका. पण स्वर्गात व्याकरण तपासत नसावेत. मे महिना मरियेला वाहण्याची पद्धत अठराव्या शतकात इटलीतल्या येशूसंघीयांनी रूढ केली आणि ती आपल्याकडे आली तेव्हा लादीन गाणारे गळे तयारच होते. पोप पॉल सहावे यांनी १९६५ च्या एप्रिलअखेर या मे महिन्याच्या भक्तीवर एक विश्वपत्रच लिहिले.

याच महिन्यात वाडीवाडीतल्या क्रुसाचा सण असतो. मुंबईच्या गावठाणांतले अनेक क्रूस १८९६ साली आलेल्या प्लेगच्या काळात उभारले गेले. वस्तीच्या तोंडाशी क्रूस उभा करायचा आणि सांजवेळी त्याच्यापाशी जमून जीव वाचवण्याची याचना करायची. साथ ओसरली, क्रूस राहिले, आणि वर्षातून एकदा चुना लावून, फुलांच्या माळा घालून, लादीन म्हणून चणे वाटण्याची रीतही राहिली. सणाचा दिवस मूळचा ३ मेचा, संत हेलेनाला ख्रिस्ताचा क्रूस सापडला त्याच्या स्मरणाचा. पोप जॉन तेविसावे यांनी १९६० मध्ये तो सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला, कारण १४ सप्टेंबरला क्रुसाच्या गौरवाचा सण होताच.

हे ज्ञान मी सेमिनरीतून ताजे घेऊन आलो होतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी, नुकतीच दीक्षा झालेली असताना, एका वाडीतून मे महिन्यातल्या लादीनीचे बोलावणे आले. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की हा सण आता चर्चच्या पंचांगात नाही, तुम्ही तो सप्टेंबरात करावा. मंडळी चूप बसली. एक म्हातारी मात्र पुढे आली. "फादर," ती म्हणाली, "सप्टेंबरात इथे गुडघाभर चिखल असतो. माणसे बसतील कुठे? आणि माझ्या मुली मुंबईहून येतात त्या मेमध्ये. सप्टेंबरात त्यांच्या मुलांना शाळा. मग क्रुसापुढे बसायचे कोणी, मी आणि बेडकांनी?"

मी त्या संध्याकाळी गेलो. लाजतच गेलो. चर्चचा इतिहास मला ठाऊक होता, पण त्या वाडीचा नव्हता. माहेरवाशिणी मेमध्येच येतात, कारण शाळा बंद. त्या येतात म्हणून मसाला मेमध्येच होतो, कारण मिरची वाळवायला ऊन हवे आणि निवडायला-भाजायला हात हवेत. वीस-पंचवीस जिनसांचा तो मसाला कांडून, तपकिरी बाटल्यांत ठासून भरून, एकेक बाटली प्रत्येक लेकीच्या पिशवीत जाते. दुपारी मसाला, संध्याकाळी लादीन, मध्ये एखाद्या भाचीचे लग्न. हे सगळे एकमेकांत गुंतलेले. त्यातला एक धागा ओढून सप्टेंबरात नेऊन बांधणे रोमला जमण्यासारखे नव्हते, मला तर नव्हतेच. मेक्सिकोतले गवंडी आजही ३ मेलाच आपल्या अर्धवट बांधकामांवर क्रूस सजवतात, हे मला नंतर वाचायला मिळाले.

पंचांगाने जे हलले नाही ते आता दुसऱ्या कारणांनी हलते आहे. लग्ने वातानुकूलित सभागृहात गेली. सभागृहाला पावसाची भीती नाही, म्हणून एप्रिल-मेची गर्दीही ओसरू लागली आहे. मसाला गिरणीतून येतो. टँकरने पाणी उपसून अनेक विहिरी खारट झाल्या किंवा बुजल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी झगडले, तेव्हा या विहिरींचा प्रश्न त्यात होता. 'उंबराचे पाणी' आणायला निघालेल्या बायका इमारतीच्या आवारातल्या नळापाशी थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. वाजंत्री तीच, घागर तीच. नळाला पाणी येण्याची वेळ सायंकाळी पाचची, म्हणून मिरवणूकही पाचची.

ती म्हातारी आता हयात नाही. तिच्या वाडीत दोन इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्यामधली क्रुसाची चौकोनी जागा घरच्यांनी सोडायला लावली. गेल्या मे महिन्यात मी तिथे गेलो होतो. लादीन मराठीत झाली. शेवटची तीन कडवी एका वयस्क गृहस्थांनी हट्टाने लॅटिनमध्ये म्हटली आणि बाकीच्यांनी जमेल तसे 'ओरा प्रो नोबिस' म्हटले. मुंबईहून, वाशीहून आणि एक तर दुबईहून आलेल्या तिच्या नाती चणे वाटत होत्या. पश्चिमेला ढग भरून आले होते, तेव्हा एकीने विचारले, "फादर, पुढच्या वर्षी ईस्टर लवकर आहे की उशिरा? तिकिटे आतापासून काढायला हवीत."