केतुबा, पासपोर्ट आणि सिंगापूरची वाट

गेल्या वर्षी आमच्या भाचीचे लग्न ठाण्यास झाले. मुलगा आपल्याच समाजाचा, नोकरीनिमित्त सिंगापुरास राहणारा. त्यास दोन आठवड्यांची रजा होती. तेवढ्यात मेंदी झाली, मलिदा झाला, हझानसाहेबांनी खच्चून भरलेल्या सिनेगॉगमध्ये केतुबा वाचला आणि जावईबापू विमानाने परत गेले. मागाहून पत्नीने जावयाचे, असे ठरले होते. परंतु तिच्या परवान्याचा अर्ज अपुरा म्हणून परत आला. सोबत केतुब्याची प्रत आणि सिनेगॉगचा दाखला जोडलेला होता. हवा होता तो सरकारी विवाह नोंदणीचा दाखला. तो काढण्यास दोघांनीही जातीने हजर राहावे लागते, आणि नवरा तर समुद्रापलीकडे! मुलगी रडकुंडीस येऊन म्हणाली, "मामा, दोनशे माणसं जेवली लग्नाला, आणि आता विचारतात की लग्न झालं कशावरून?"

तिची समजूत काढताना आमच्या मनात आले की, हा प्रश्न काही तिलाच पहिल्यांदा विचारलेला नाही. देशोदेशी पांगलेल्या आपल्या समाजातील पुष्कळ घरांस तो या ना त्या दारावर ऐकावा लागला आहे. म्हणून सिंगापूरच्याच वाटेचा इतिहास थोडा चाळून पाहिला. तो येथे देत आहोत.

इंग्रजांनी १८१९ साली सिंगापुरास आपले ठाणे घातले. तेव्हापासून १ एप्रिल १८६७ पर्यंत त्या बेटाचा कारभार हिंदुस्थानातील इंग्रज सरकारच्याच हाताखाली चाले. म्हणजे आपले पणजोबा-खापरपणजोबा कंपनीच्या पलटणींत होते, त्या काळी मुंबईहून सिंगापुरास जाणारा मनुष्य राज्य न बदलता नुसता समुद्र ओलांडत होता. मुंबई इलाख्यातून तेथे मोठ्या संख्येने गेले ते मात्र बिचारे काळ्या पाण्याचे कैदी. १८२५ पासून १८७३ पर्यंत हिंदुस्थानी कैद्यांची ती वसाहत होती. तेथील सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल त्यांच्याच हातांनी उभे राहिले. त्यांना कागदपत्रांची ददात नव्हती, सरकारच ती करून देई!

ज्यू व्यापारी गेले ते बहुतेक बगदादचे, कलकत्त्याच्या मार्गाने. १८३० च्या गणतीत तेथे अवघे नऊ ज्यू व्यापारी आढळतात. १८४१ साली त्यांनी एका दुकानवजा घरात पहिले सिनेगॉग सुरू केले. ती जागा आता नाही, पण सिनेगॉग स्ट्रीट हे रस्त्याचे नाव अजून आहे. पुढे १८७८ साली वॉटर्लू स्ट्रीटवर मागेन अबोथ उभे राहिले. त्याची मूळ इमारत एकमजली होती आणि बायकांसाठीचा सज्जा त्यावर नंतर चढविला गेला. हे वाचून आम्हांस गंमत वाटली. परदेशी वसाहतीत आधी पुरुष जातो, मग त्याचे दुकान बसते, मग बायको येते. आणि प्रार्थनामंदिरातसुद्धा तिची जागा मागाहूनच बांधली जाते. १९०५ साली सर मनासे मेयर यांनी ऑक्सली राइजवर खेसेद एल हे दुसरे सिनेगॉग बांधले. तोवर संसार थाटले गेले होते.

त्या काळी परगावाहून आलेल्या बाईस "तू याची बायको कशावरून?" असे कोणी विचारीत नसे. मंडळी ओळखत होती, हझान ओळखत होता, तेवढे पुरे. पहिल्या महायुद्धानंतर पासपोर्टाचे युग आले. हिंदुस्थानात पासपोर्टाचा कायदा १९२० सालचा. त्या वेळच्या ब्रिटिश नमुन्याच्या पासपोर्टात पतीच्या वर्णनाशेजारी पत्नीसाठी एक वेगळा रकाना असे. उंची, डोळ्यांचा रंग, चेहऱ्याची ठेवण, सारे तेथेच. ज्यांच्या घरी आजोबांचा जुना पासपोर्ट असेल त्यांनी तो उघडून पाहावा. म्हणजे बाईचे विवाहित असणे पतीच्याच कागदात शिवलेले होते. सोय होती खरी; मात्र पतीशिवाय ती त्या कागदावर एकटी पाऊलही टाकू शकत नव्हती, हेही खरे.

१९३३ साली सिंगापुरात परकीयांसंबंधी कायदा आला. त्याचा रोख मुख्यतः चीनहून येणाऱ्या मजुरांवर होता, आणि बायकांवर प्रथम संख्येचे बंधन नव्हते. ते १९३८ साली आले. मुंबईस जन्मलेला बेने इस्राएल मात्र ब्रिटिश प्रजाजन, म्हणून या कायद्याने परका ठरत नव्हता. बगदादेत जन्मलेला ज्यू ठरू शकत होता. ज्यांच्याकडून आपल्या ज्यूपणाविषयी शंका काढल्या गेल्या, १८३६ सालीच ज्यांनी मुंबईच्या दफनभूमीत आपल्यामध्ये आणि त्यांच्यामध्ये भिंत मागितली, त्या बगदादी बांधवांपेक्षा सिंगापूरच्या धक्क्यावर आपला कागद अधिक भारी होता! इतिहास असे लहानसे विनोद करीत असतो.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. त्याआधीच्या आठवड्यांत काही ज्यू कुटुंबे, विशेषतः बायका-मुले, बोटींनी हिंदुस्थानात पोचली. मागे राहिलेल्यांना १९४३ पासून छावण्यांत डांबण्यात आले. युद्ध संपल्यावर अनेकांनी ते बेट कायमचे सोडले.

खरा बदल १ ऑगस्ट १९५३ रोजी झाला. त्या दिवसापासून नवा इमिग्रेशन कायदा अमलात आला आणि हिंदुस्थानातून जाणाऱ्यालाही, कामाचा करार वा अंगी विशेष कसब असल्याखेरीज, सहज प्रवेश मिळेना. तेथे आधीच राहणाऱ्याच्या बायकामुलांस वाट ठेवली होती. पण १९५९ साली शेजारच्या मलायात तीही अरुंद झाली. वर्षानुवर्षे पतीपासून दूर गावी राहिलेल्या पत्नीस आणि मोठ्या झालेल्या मुलांस प्रवेश बंद झाला. पैसा साठेपर्यंत बायकोला गावी ठेवणे ही त्या काळी गरीब माणसाची रीतच होती. सरकारने त्या रीतीचा अर्थ "संसार मोडला" असा केला. तामिळ मजुरांची किती घरे यात दुभंगली असतील!

पाठोपाठ सिंगापुरात स्त्रियांसंबंधीची सनद, विमेन्स चार्टर, १५ सप्टेंबर १९६१ पासून लागू झाली. मुसलमान सोडून इतरांस एकपत्नीव्रत आणि विवाहाची नोंदणी सक्तीची झाली. त्या तारखेपूर्वी धर्माने वा रूढीने झालेली लग्ने नोंदलेलीच मानली गेली. त्यानंतर मात्र तेथे लग्न लागले तर ते परवाना असलेल्याच व्यक्तीने लावायचे आणि दप्तरी नोंदायचे. आपल्याकडे याच्या बरोबर उलट. हिंदू, ख्रिस्ती, पारशी यांच्या विवाहांना स्वतंत्र कायदे आहेत. ज्यूंच्या विवाहाचा असा कायदा हिंदुस्थानात झालाच नाही. केतुबा आणि समाजाची साक्ष यांवरच आपली लग्ने उभी राहिली. महाराष्ट्रात सर्वधर्मीयांच्या विवाह नोंदणीचा कायदा १९९८ सालचा, आणि सर्वोच्च न्यायालयाने देशभर नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले ते २००६ साली. पण आपल्या पुष्कळ घरांत "सिनेगॉगच्या वहीत आहे ना" एवढ्यावरच भागते. भाचीच्या घरीही तेच झाले.

आता नावांविषयी. ही आपल्या समाजाची खास अडचण आहे, म्हणून जरा थांबतो. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे समाजी हसाजी दिवेकर, हेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. आपणांस यात काही नवल वाटत नाही. बोलण्यात एक, तोरा वाचावयास उभे राहताना दुसरे, आणि गावावरून आलेले 'कर' हे तिसरे. परदेशातील कारकुनास मात्र ही तीन माणसे दिसतात. आमच्या भाचीच्या केतुब्यात तिच्या वडिलांचे नाव एलियाहू, पासपोर्टात इलायजा, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एलिजा. शिवाय केतुबा अरामी भाषेत, त्यात आडनावाचा पत्ता नाही! शेवटी तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल यांच्या घराण्याचे मूळ आडनावही मशाल असेच होते; इंग्रजी धाटणीचे मार्शल ते मागाहून झाले. हे ज्यू वकीलसाहेब १९५५ ते १९५६ मुख्यमंत्री होते. पद सोडल्यावर १९५६ सालीच ते चीनला गेले आणि तेथे अडकलेल्या रशियन ज्यूंना देश सोडण्याचे परवाने मिळावेत म्हणून चौ एन लाय यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला. त्यातून कित्येकांची सुटका झाली. कागदावाचून अडणे म्हणजे काय, हे सिंगापूरच्या त्या पुढाऱ्यास ठाऊक होते.

आणि आपणांसही ठाऊक आहे. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या वाचकांना १९६२ ते १९६४ ही वर्षे आठवण करून द्यावयास नकोत. परतीच्या कायद्याने, म्हणजे १९५० च्या कायद्याने, देशाचे दार आपल्यासाठी उघडे होते. विमानतळावर कोणी अडविले नाही. अडविले ते लग्नाच्या दारात. मुख्य रब्बीनेटने ऑक्टोबर १९६१ मध्ये आपल्याशी विवाहास तत्त्वतः मान्यता दिली. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये सूचना काढल्या की, बेने इस्राएल वधूवरांची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. "तू याची बायको कशावरून" हा प्रश्न कागदाने तरी सुटतो. "तुझी आजी कोण होती" याला कोकणातल्या तेलाच्या घाण्याजवळ कोणता दाखला मिळणार होता? १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे, बाया-मुलांसकट, जेरुसलेमात ठाण मांडून बसली. १७ ऑगस्ट रोजी क्नेसेटने ठराव करून बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचे सांगितले, आणि महिनाअखेरीस रब्बीनेटने त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढले. नाव निघाले, शंका असेल त्याची चौकशी करावी, हे कलम राहिलेच. म्हणून म्हणतो, सिंगापूरच्या कचेरीने विचारलेला प्रश्न रुक्ष असेल, पण त्यात अपमान नाही. तो सर्वांना सारखाच विचारला जातो.

अगदी सारखाच, असेही नाही. सिंगापूरच्या घटनेत नागरिकाच्या परदेशी पत्नीस नागरिकत्वासाठी नोंदणीची तरतूद आहे, तशी ती नागरिक स्त्रीच्या परदेशी पतीस नाही. परदेशी जन्मलेल्या मुलास आईकडून नागरिकत्व मिळू लागले तेही २००४ साली.

आजचे नियम थोडक्यात सांगतो, कारण मुलींचे आईबाप पत्रांतून विचारतात. नवरा तेथे नोकरीच्या पासवर असेल तर पत्नीसाठी डिपेंडंट्स पास असतो. तो मालकामार्फत मागायचा, आणि नवऱ्याचा ठरलेला मासिक पगार निदान ६,००० सिंगापूर डॉलर असावा लागतो. नवऱ्याचा पास संपला की तिचाही संपला. १ मे २०२१ पासून या पासवरील पत्नीस नोकरी करावयाची तर स्वतःचा वेगळा कामाचा पास काढावा लागतो. पूर्वीचे नुसते संमतिपत्र चालत नाही. शिकलेल्या मुलींनी हे लग्नाआधी ऐकून ठेवावे. नवरा नागरिक वा कायमचा रहिवासी असेल तर वाट निराळी, दीर्घ मुदतीच्या भेट-पासची. नागरिकाशी लग्न ठरले असता लग्नापूर्वीच पात्रता तपासून घेण्याची सोय २०१५ पासून आहे. विवाहाच्या दाखल्यावर ॲपोस्टिलची मोहोर मागितली तर ती आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळते. सिंगापुरात ती १६ सप्टेंबर २०२१ पासून चालते. नोंदणी मात्र नवरा-नवरी दोघेही गावात असतानाच, मलिद्याची ताटे रिकामी होण्याआधी उरकावी.

जावईबापूंना पुन्हा रजा मिळण्यास पाच महिने लागले. मग एका सकाळी वरात निघाली ती महापालिकेच्या कचेरीकडे. तीन साक्षीदारांत आम्ही एक. अर्जावर विधी लावणाऱ्याची सही हवी होती, म्हणून वृद्ध हझानसाहेबांना रिक्षातून आणले. कारकून मोठा सभ्य गृहस्थ. धर्माच्या रकान्यापाशी थांबून त्याने "ज्यू म्हणजे नेमके काय लिहू?" असे विचारले, आणि हझानसाहेबांनी दोन मिनिटांत त्यास नवगावच्या किनाऱ्यापासून सारी कथा सांगितली. मागे रांग खोळंबली होती.

परवाना आला तेव्हा मुलीने सामान बांधले. पोहे नेऊ नकोस, तेथील लिटल इंडियात सारे मिळते, असे आम्ही सांगून पाहिले. तरी तिच्या आईने पोहे, कोकम आणि मेझुझा एकाच पिशवीत भरले. वॉटर्लू स्ट्रीटवर सिनेगॉगशेजारी २००७ साली उभ्या राहिलेल्या जेकब बालास सेंटरमध्ये कोशर दुकान आहे, हेही तिला लिहून दिले. केतुबा तिने पेटीत टाकला नाही, हातातल्या पिशवीत ठेवला. चांगीच्या विमानतळावर उतरल्यावर तिचा फोन आला. अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, पत्र पाहिले, अंगठ्यांचे ठसे घेतले. केतुबा कोणी पाहावयास मागितला नाही.