आयसीयूतल्या पेशंटला जुलाब लागले तर? ‘सी-डिफ’ संसर्गाची माहिती

न्यूमोनिया किंवा मोठ्या ऑपरेशनमुळे आयसीयूत असलेल्या पेशंटला मध्येच जुलाब सुरू होतात. बऱ्याचदा कारण साधं असतं. नळीतून दिलेल्या आहारानं किंवा औषधांनीही संडास पातळ होते. पण काही वेळा त्यामागे आतड्याचा गंभीर संसर्ग असतो. या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल. डॉक्टर त्याला ‘सी-डिफ’ म्हणतात.

अँटिबायोटिकचा संबंध काय?

आपल्या आतड्यात असंख्य उपयोगी जंतू असतात. अँटिबायोटिकनं वाईट जंतूंबरोबर तेही मरतात. मग रान मोकळं मिळाल्यावर तण माजावं तसा सी-डिफ वाढतो आणि त्याच्या विषानं मोठ्या आतड्याला सूज येते. औषध बंद झाल्यावर काही आठवड्यांनीही हा त्रास होऊ शकतो. ६५ वर्षांपुढच्या आणि बरेच दिवस दवाखान्यात असलेल्यांना धोका जास्त.

निदान कसं होतं?

२४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास झाली आणि दुसरं कारण दिसत नसेल, तर संडासचा नमुना तपासतात. नुसता जंतू सापडणं पुरेसं नाही, कारण तो त्रास न होणाऱ्यांच्या पोटातही असू शकतो. म्हणून त्याचं विषही तपासतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी १५ हजार किंवा जास्त, किंवा क्रिएटिनिन १.५ च्या वर असेल, तर आजार गंभीर समजतात.

जुलाब थांबले, पण पोट फुगलं?

इथंच फसगत होते. आतड्याची हालचाल बंद पडली तरी जुलाब थांबतात. पोट फुगलेलं, बीपी उतरलेलं असेल तर ती सुधारणा नव्हे, जिवाला धोका आहे. अशा वेळी सीटी स्कॅन करतात आणि सर्जनला बोलावतात.

उपचार काय?

आधीचं अँटिबायोटिक शक्य असेल तर बंद करतात. व्हँकोमायसिन तोंडावाटे किंवा नाकातल्या नळीतून, साधारण १० दिवस देतात. शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन आतड्यात पुरेसं पोचत नाही, म्हणून इथं त्याचा उपयोग नाही. फिडॅक्सोमायसिन हा दुसरा पर्याय आहे. प्रकृती फारच बिघडली तर व्हँकोमायसिनचा डोस वाढवतात, जोडीला शिरेतून मेट्रोनिडाझोल देतात. तरीही आटोक्यात आलं नाही, तर मोठं आतडं काढण्याचं ऑपरेशन करावं लागतं. बरं झाल्यावर हा आजार परत उलटू शकतो.

नातेवाईकांनी काय करावं?

- ॲडमिट होण्याआधी गावात घेतलेल्या गोळ्यांची चिठ्ठी किंवा रिकामी पाकिटं डॉक्टरांना दाखवा.
- जुलाब किती वेळा झाले, पोट फुगलंय का, हे सिस्टरना लगेच सांगा.
- जुलाब थांबवायची गोळी बाहेरून आणून परस्पर देऊ नका.
- पेशंटजवळून आल्यावर साबण-पाण्यानं हात धुवा. या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत.
- घरी आल्यावर पुन्हा जुलाब लागले तर वाट न बघता त्याच दवाखान्यात दाखवा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.

सर्दी-पडशाला अँटिबायोटिक लागत नाही. विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी या जंतूला वाट करून देते.