कोयनेचे पाणी आणि वाशिष्ठीची खाडी

'कालवे' हा शब्द उच्चारताच सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे पाटबंधाऱ्यांचे पाट उभे राहतात. सह्याद्रीपलीकडील खाडीकाठच्या माणसास त्याच शब्दाने खडकाला चिकटून राहणारे शिंपल्यातील प्राणी आठवतात. एकवचनात 'कालवा' आणि 'कालव' हे शब्द निराळे आहेत. अनेकवचनात मात्र ते एकरूप होतात. हा केवळ भाषेतील योगायोग होय. तथापि १९६२ नंतर ह्या दोन्ही कालव्यांचे भवितव्य एकाच पाण्याशी निगडित झाले, हा योगायोग नव्हे. तो इतिहास आहे.

कोयना महाबळेश्वरी उगम पावते, दक्षिणेस वाहत जाते, हेळवाकपाशी पूर्वेस वळते आणि कराड येथे कृष्णेस मिळते. निसर्गतः तिचे सर्व पाणी सांगलीवरून बंगालच्या उपसागराकडे जावयाचे. कराडजवळील खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, तो ह्याच प्रवाहक्रमाला धरून. कोयना जलविद्युत् प्रकल्पाने हा क्रम बदलला. पाटण तालुक्यातील जलाशयाचे पाणी बोगद्याने पश्चिमेस नेऊन पोफळी येथे वीज निर्माण होऊ लागली व ते पाणी वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीत उतरू लागले. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, ह्या पश्चिमवाहिनी पाण्यास वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. हे परिमाण सुमारे १९१ कोटी घनमीटर होते. वर्षभर सारखे विभागल्यास दर सेकंदास साठ घनमीटर इतके गोडे पाणी होय. कोकणातील नद्या उन्हाळ्यात आटतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या आकड्याचे महत्त्व कळते.

खाडीतील कालवाचे जीवन पाण्याच्या खारटपणावर अवलंबून असते. पी. आर. आवटी व एच. एस. राय ह्यांनी १९३१ साली 'ऑस्ट्रिया कुकुलाटा' ह्या मुंबईकडील कालवावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, तो भारतीय प्राणिशास्त्रातील ह्या विषयाचा एक आधारग्रंथ होय. कालवाचे पिलू काही काळ पाण्यात तरंगते व नंतर कठीण आधारास कायमचे चिकटते. हा आधार पुष्कळदा पूर्वजांच्या शिंपल्यांचाच असतो. पिढीवर पिढी चढून जो थर बनतो त्यासच कालवांची रांग किंवा भित्ती म्हणता येईल. चुन्यासाठी शिंपले उपसले म्हणजे पुढील पिढीचे घरच उपसले जाते. १८७७ साली कार्ल मोबियस ह्या जर्मन शास्त्रज्ञाने 'जीवसमुदाय' ही कल्पना मांडली ती कालवांच्या अशाच थरांवरून, हे लक्षणीय आहे.

कालव पाणी गाळून अन्न घेते. म्हणून पाण्यातील जंतूही त्याच्या देहात साठतात. अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात कालवांमुळे विषमज्वराची साथ पसरली व त्यानंतर तेथे शिंपल्यांच्या स्वच्छतेचे राष्ट्रीय नियमन सुरू झाले. सांडपाण्यातील जंतूंहून निराळे असे खाडीचे मूळ रहिवासी जंतूही आहेत. त्यांपैकी 'व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस' १९५० साली ओसाका येथील अन्नविषबाधेच्या तपासात सापडला. उष्ण व मध्यम खारट पाण्यात तो बळावतो. अर्थात खाडीचे पाणी किती गोडे झाले, ह्या प्रश्नाशी कालवाच्या वाढीप्रमाणेच ते खाणाऱ्याचे आरोग्यही संबद्ध आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीतील मच्छीमारांनी वारंवार केलेल्या तक्रारी ह्याच संदर्भात वाचावयास हव्यात.

येथे घाईने निष्कर्ष काढणे मात्र उचित नाही. गोडे पाणी कालवास सर्वथा घातक नसते. दीर्घकाळ फार गोडे पाणी राहिल्यास ते मरते हे खरे. परंतु मध्यम खारटपणात त्याचे अनेक भक्षक टिकत नाहीत, हेही तितकेच खरे. म्हणून कोयनेच्या पाण्याने खाडीचे नुकसानच झाले असे गृहीत धरून चालणार नाही. खाडी बदलली, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

जगातील सुमारे ८५ टक्के कालवभित्ती नष्ट झाल्याचा अंदाज २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि अमेरिकेतील चेसापीक उपसागरात त्यांच्या पुनरुज्जीवनाचे मोठे प्रयत्न झाले. कोकणात असा प्रयत्न करावयाचा झाल्यास पहिला प्रश्न इतिहासाचा ठरेल: कोणता भूतकाळ पुन्हा आणावयाचा? १९६२ पूर्वीची उन्हाळ्यात खारट होणारी खाडी, की नंतरच्या पिढ्यांनी पाहिलेली? ह्याचे उत्तर केवळ दप्तरात शोधून भागणार नाही. शिंपल्याच्या थरांतील प्राणवायूच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून पूर्वीच्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. तेव्हा गाळात पुरलेले जुने शिंपले हीच येथील अस्सल कागदपत्रे होत.

टेंभू, ताकारी व म्हैसाळ ह्या उपसा योजनांनी आटपाडी, कवठेमहांकाळ, जत येथील कोरड्या रानांना कृष्णेचे पाणी मिळते, आणि कोयनेचे अधिक पाणी पूर्वेस राहावे ही मागणी न्याय्य वाटण्यासारखी आहे. लवादापुढील वाद तीन राज्यांचा व कृष्णेच्या खोऱ्यापुरता होता. वाशिष्ठीची खाडी त्या खोऱ्याबाहेरची. वीज आणि शेती ह्या दोन पक्षांत पाण्याची वाटणी करताना ह्या तिसऱ्या, मुक्या वाटेकऱ्याची नोंद ठेवणे, हे सातारा-सांगलीच्या जलेतिहासाचेही काम आहे.